सातवी पट्टी

१

पेन खराब झालंय हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. आलं ते गिऱ्हाइकाच्या. यापेक्षा मोठी नाचक्की कुठली असते, सांगा.

ग्रंथपालबाई सकाळी नवाच्या ठोक्याला दारात हजर झाल्या. त्यांच्या ग्रंथालयातले सगळ्यात जुने गृहस्थ आज निवृत्त होणार होते. संध्याकाळी सहाला निरोपाचा कार्यक्रम होता आणि त्यांना द्यायचं काळ्या एबोनाइटचं पेन आमच्याकडे करायला दिलं होतं. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर. लेथवर कातून, घासून नीट चकाकवलं की त्यात बघून खुशाल भांग पाडावा. माझ्या भावानं, म्हणजे दादानं, पेटी उघडून बाईंपुढे धरली. बाईंनी पेन उचललं, "वा!" म्हणाल्या, आणि खिडकीपाशी जाऊन उन्हात तिरकं धरलं.

"दादा, ह्या रेघा कसल्या?"

"रेघा? कसल्या रेघा?"

दादा काही हलेना, म्हणून मीच उठले आणि डोळ्याला भिंग लावलं. निब बसवायचं आणि घासून ती लिहिती करायचं काम माझं, त्यामुळे भिंग कायम गळ्यातच असतं. पाहते तो काय, केसाएवढ्या बारीक रेघांचे वेढे, एकाला लागून एक, पार टोपणापासून शेपटापर्यंत! समोरून पेन चकचकीत दिसे आणि तिरकं धरलं की जुन्या ताटलीसारखं.

"काल चार वाजता मी माझ्या हातानं पेटीत ठेवलं," दादाचा आवाज चढला. "आरसा होता, आरसा! त्यानंतर कुणीतरी हात लावलाय." आणि तो थेट मागे वळला. "बारीक! इकडे ये."

बारीक आमचा कारागीर. अंगानं काडी, म्हणून पहिल्याच दिवशी हे नाव पडलं आणि त्याला आता बावीस वर्षं होतील. तो आला. पेन हातात घेतलं. एकदा रेघांकडे पाहिलं, एकदा दादाकडे पाहिलं आणि पेन अगदी हळू खाली ठेवलं.

"काल मी तुला बोललो त्याचा राग पेनावर काढलास?" दादा म्हणाला. "पॉलिशची डबी महिनाभर पुरायची ती आता पंधरा दिवसांत संपते, कुठे जाते एवढंच विचारलं ना? नेत असशील घरी, कर बाबा तुझा वेगळा धंदा! पण मी केलेल्या कामाची माती करतोस? चोर तो चोर, वर हा माज?"

अहो, बावीस वर्षांच्या माणसाला गिऱ्हाइकासमोर चोर! माझ्या तोंडून "दादा!" एवढंच निघालं. बारीकनं खिशातून कारखान्याची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि चपला घालून निघून गेला. 'मी नाही' असंसुद्धा म्हणाला नाही.

बाई अवघडून गेल्या. "मी पाचला येते," म्हणाल्या. "पेन नीट झालं तर ठीक, नाहीतर वाटेत दुसरं काहीतरी घेईन."

त्या गेल्यावर दादानं मला बजावलं, "पाचला त्यांच्यासमोरच सांगणार, या माणसाला काढून टाकलंय म्हणून. आणि धंद्यातल्या बाकीच्यांनाही फोन करतो. कुणाची फसगत नको."

म्हणजे झालंच की. हाताने पेन करणारे आमच्या गावात मोजून चार. चौघांना फोन गेला की बारीक जन्माचा घरी बसला.

मला राहून राहून एकच गोष्ट खटकत होती. खरं नसलेलं बालंट आलं की माणूस ओरडतो, शिव्या देतो, गेला बाजार रडतो तरी. हा गप्प कसा राहिला?

२

माझ्याकडे आठ तास होते. आणि डोकं ठिकाणावर होतं, असं मी तरी म्हणते.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत माझं टेबल, लाकडी कपाट आणि खिडकी. मागच्या खोलीत लेथ आणि पॉलिशचं बाकडं. त्याच्यामागे जिना, वर दादाचं घर. तयार पेनं पुढच्या कपाटात राहतात. कपाटाला कुलूप आहे, पण दार जरा उचलून हिसका दिला की उघडतं. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि बारीकलाही.

दादाची सूनबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. चेहरा पांढराफटक.

"आत्या," ती कुजबुजली, "माझ्यामुळे झालं असेल का हो?"

"तू काय केलंस?"

"साडेआठला पेटीला फीत बांधायला घेतली. पेनावर बोटांचे ठसे दिसले म्हणून फडक्यानं पुसलं. फडकं धुतलेलं होतं, पण त्यात एखादा खडा असला तर? मी बाबांना सांगायला तोंड उघडलं आणि ते बारीकदादांवर सुटले. मग माझी हिंमतच झाली नाही."

पोरीला आधी घोटभर चहा पाजला आणि मग भिंग तिच्याच डोळ्याला लावलं.

"बघ. फडक्यानं पुसताना आपला हात कसा जातो? लांबीला जातो, नाहीतर वेडावाकडा जातो. त्याचे ओरखडे उभे पडतात किंवा एकमेकांना छेदतात. यातला एकतरी उभा आहे?"

"नाही. सगळे आडवे आहेत. अंगठ्यांसारखे गोल."

"आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर. हातानं पेन फिरवून एवढे सरळ वेढे काढता येत नाहीत, आपल्या कुणाच्या बापाला यायचं नाही. पेन लेथवर फिरत असताना त्याला कुणीतरी खरखरीत काहीतरी टेकवलंय."

सूनबाईनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे टिपकागद उडाले. पण माझं काम वाढलं होतं. लेथ चालवता कुणाला येतो? दादाला, बारीकला आणि अर्धामुर्धा आमच्या चिरंजीवांना, म्हणजे भाच्याला.

"तुझा नवरा काल संध्याकाळी कुठे होता गं?"

ती पटकन म्हणाली, "घरीच." मग खाली बघून म्हणाली, "म्हणजे, खाली आले होते एकदा. कपाट उघडल्याचा आवाज आला मला."

३

चिरंजीव गच्चीवर फोनवर बोलत होते. मला पाहून फोन खिशात गेला.

"काल संध्याकाळी कपाट का उघडलंस रे?"

"कोण म्हणालं?"

"मी म्हणते. तुझ्या लंगोटापासून तुला ओळखते, माझ्याशी वकिली करू नकोस."

तो ओशाळला. मग फोन काढून मला फोटो दाखवला. त्याच काळ्या पेनाचा, बॅटरीच्या उजेडात काढलेला. "बाहेरच्या एका व्यापाऱ्याला पाठवायचा होता. त्याला आपली पेनं विकायची आहेत. बाबांना विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. तसंही मला वाटतं की बाबांनी आता थांबावं. सदुसष्ट पूर्ण झाली. पण म्हणून मी पेन कशाला खराब करीन, आत्या? तेच तर विकायचं आहे मला!"

कारण पटण्यासारखं होतं. पण मला पटण्यापेक्षा पुरावा आवडतो. "बॅटरीचा उजेड कशाला? दिवा का नाही लावलास?"

"काय आत्या, तुला माहीत नाही? वीज होती कुठे! तू सव्वाचारला गेलीस आणि मागोमाग वीज गेली. चौकातली डीपी बदलत होते. सकाळी आठला आली."

मी होते तिथेच कट्ट्यावर टेकले. मी निब बसवून दिल्यावर चारला दादानं पेन पेटीत ठेवलं ते माझ्या डोळ्यांदेखत. सव्वाचारला मी निघेपर्यंत लेथ बंद होता. मग वीज नाही. आठला वीज आली तेव्हा कारखान्याचं कुलूप मीच काढलं आणि नऊपर्यंत मी लेथपासून दहा पावलांवर बसले होते. लेथचा आवाज बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा आहे.

"आणखी एक सांगू का?" चिरंजीव म्हणाले. "बारीकबद्दल बाबांच्या मनात मीच भरवलं. गेले सहा-आठ महिने तो दुपारी एक ते दोन कारखान्याला आतून कडी लावतो. बाबा वर झोपलेले असतात, तू घरी जेवायला जातेस. लेथ चालू असतो. डबाही खात नाही. स्वतःची पेनं करत असणार, दुसरं काय? काल सकाळी मी हे बाबांना सांगितलं, पॉलिशच्या डब्यांचं त्यांनी आधीच ताडलं होतं, मग भांडण झालं. दुपारी बाराला बाबांनी त्याला घरी पाठवलं."

"बाराला? आणि काळं पेन दादानं कधी पॉलिश केलं?"

"दोन ते साडेतीन."

मला हे ठाऊकच होतं. फक्त दोन्ही गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. चारनंतर लेथ फिरलाच नव्हता, म्हणजे रेघा चारच्या आधीच्या. आणि चारच्या आधी ते पेन लेथवर फक्त एका माणसानं चढवलं होतं.

४

मागच्या खोलीत जाऊन मी दार लोटलं.

चकाकी कशी येते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पेन लेथवर फिरत असतं. त्याला पाण्यात भिजवलेल्या मऊ पट्ट्या एकामागून एक लावायच्या. आमच्याकडे अशा नऊ पट्ट्या आहेत, प्रत्येकीचा रंग निराळा. पहिली सगळ्यात खरखरीत, नववी मऊसूत. प्रत्येक पट्टी आपल्या आधीचीच्या रेघा पुसते आणि स्वतःच्या, त्याहून बारीक, सोडते. नववीच्या रेघा डोळ्याला दिसत नाहीत, त्यालाच आपण चकाकी म्हणतो. वरून डबीतलं पॉलिश लावायचं की झालं. यात क्रम चुकवायचा नाही, एवढी एकच गोष्ट सांभाळायची. दादा तो रंगावरून सांभाळतो. पट्टी वापरून झाली की डावीकडून उजवीकडे ओळीनं वाळत ठेवायची, ही पण त्याचीच शिस्त.

कालची ओळ तशीच होती. वाळून खडखडीत.

मी मोजायला लागले. दुसरी पट्टी गडद हिरवी असते, सातवी गडद निळी. समोरच्या ओळीत दुसऱ्या जागी निळी होती आणि सातव्या जागी हिरवी.

मी चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. तेच.

दुसऱ्या नंबरची खरखरीत पट्टी सातव्या वेळी लागली होती! तिनं केलेले ओरखडे पुढच्या दोन मऊ पट्ट्या कुठून भरून काढणार?

एखादा हात घाईत चुकतो, हे मी समजू शकते. पण मला खात्री करायची होती. मी दादाला हाक मारली.

"दादा, ते पेन तूच पुन्हा पॉलिश करून दे ना. बाईंना पाचला द्यायचंय."

"तेच करतोय," तो म्हणाला. त्यानं पट्ट्या गोळा करून पाण्यात टाकल्या, पेन लेथवर चढवलं, आणि तासभर मी मुद्दाम निब शोधण्याच्या मिषानं तिथेच रेंगाळले. काय हात आहेत माझ्या भावाचे! अजून कुठे कंप नाही, कुठे घाई नाही. पहिली पट्टी घेतली. मग त्याची बोटं भांड्यावर थांबली. त्यानं दोन पट्ट्या वर उचलल्या, उजेडाकडे धरल्या आणि निळी निवडली.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

सातव्या वेळी त्यानं हिरवी घेतली. शेवटी पॉलिश लावून झाल्यावर अंगठा फिरवला, समाधानानं मान हलवली. "बघ. आरसा!"

मी भिंग लावलं. सकाळचेच वेढे जिथल्या तिथे होते.

"छान झालंय," मी म्हणाले. वहिनी जाऊन दीड वर्ष झालं होतं, तेव्हापासून हा माणूस लेथशेजारीच काय तो माणसात असे. आणि त्याला निळा-हिरवा कळत नव्हता.

पण मग एक प्रश्न उरतच होता, आणि तो मोठा होता. डोळे काही काल दुपारी दोन वाजता अधू झालेले नव्हते. मग कालपर्यंतची सगळी पेनं आरशासारखी कशी होती?

५

बारीकचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पहिल्या मजल्यावर. दार त्याच्या बायकोनं उघडलं. डोळे रडून लाल.

"आत्या, तुम्हाला तरी खरं वाटतं का हे?"

"वाटत असतं तर जिने चढले असते का या गुडघ्यांनी? तो कुठाय?"

तो खिडकीत बसला होता. मला पाहून उठला, खुर्ची पुढे केली. मी बसले आणि आडवळण न घेता विचारलं, "दुपारी एक ते दोन काय करायचास रे?"

तो खिडकीचा पडदा सरळ करायला लागला.

"डबा खायचे नाहीत," बायको म्हणाली. "रोज संध्याकाळी भरलेला परत. विचारलं तर म्हणायचे भूक नव्हती. आठ महिने भूक नव्हती म्हणे!"

"बरं, मग मीच सांगते, चुकले तर थांबव," मी म्हणाले. "दादा सकाळी पेन पॉलिश करायचा. एकला वर जाऊन झोपायचा. तू कडी लावायचास, तेच पेन परत लेथवर चढवायचास आणि पहिल्या पट्टीपासून नवव्या पट्टीपर्यंत सगळं पुन्हा करायचास. एकेका पेनाला दोनदा पॉलिश. मग डबी पंधरा दिवसांत नाही संपणार तर काय? काल दादानं तुला बाराला हाकललं आणि काळं पेन दोन वाजता केलं. तुझा हात न लागता बाहेर पडलेलं आठ महिन्यांतलं ते पहिलं पेन."

बारीकनं मान खाली घातली.

"अरे मग सकाळी बोलला का नाहीस? तुला चोर म्हणत होता तो!"

"काय बोलू, आत्या?" तो म्हणाला. "बाईंच्या समोर सांगू, की दादांना दिसत नाही म्हणून? पहिल्यांदा रेघा बघितल्या तेव्हा वाटलं, एखादवेळी होतं. मग रोजच. एकदा सांगायला म्हणून गेलो होतो. दादा लेथवर पेन फिरवत होते आणि स्वतःशी गुणगुणत होते. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. मी तसाच मागे फिरलो. लेथ सुटला तर दादांजवळ काय राहील, सांगा ना?"

"आणि तुझ्याजवळ काय राहील?"

"मी काहीही करीन. रंगकाम करीन, ओझी उचलीन. तुम्ही त्यांना सांगू नका, आत्या. पाया पडतो."

बायको हुंदका देऊन आत गेली. मला आधी त्याची पाठ थोपटावीशी वाटली आणि मग दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. खरं सांगायचं तर थोबाडीत मारायला हवी होती ती माझ्याच. आठ महिने प्रत्येक पेन निब बसवायला माझ्याच हातात येत होतं, कालचं तर रेघांसकट आलं, गळ्यात भिंग होतं आणि मला एकदाही काही कळलं नाही. निबच्या पलीकडे मी बघितलंच नव्हतं.

"बावळट आहेस," मी म्हणाले. डोळे पुसले. "सांगणार आहे मी त्याला. तू त्याचं दुखणं लपवलंस आणि त्यानं तुझ्यावर चोरी घातली. दोन्ही गोष्टी मला चालायच्या नाहीत."

घड्याळात दोन वाजून गेले होते.

६

दादा माझ्याच टेबलाशी बसला होता. हातात फोन, समोर नंबरांची वही. वही अगदी नाकाजवळ धरलेली. हे तरी मला आधी दिसायला नको होतं का?

मी फोन काढून घेतला. बाकड्यावरून दोन पट्ट्या आणल्या आणि त्याच्यासमोर ठेवल्या.

"यातली हिरवी कुठली?"

"हा काय पोरखेळ?"

"पोरखेळ तर पोरखेळ. सांग."

त्यानं पट्ट्या उचलल्या. एक डोळा मिटला, दुसरा मिटला. खिडकीपाशी गेला, परत आला. "ही," म्हणाला आणि निळी पुढे केली.

मी नुसती बघत राहिले. मग त्यानं दुसरी पुढे केली. "ही. ही हिरवी."

"दादा, ओळखून सांगतोस की माझं तोंड बघून?"

तो खाली बसला. मी सगळं सांगितलं. वीज, वाळत ठेवलेली ओळ, सातवी पट्टी, एक ते दोनची कडी, भरलेले डबे. मध्ये एकदा तो "खोटं आहे" म्हणाला. मी भिंग आणि पेन त्याच्या हातात दिलं, पण भिंगातून तरी त्याला काय दिसणार होतं? अंगठ्याचं नख तेवढं पेनावरून उभं फिरव म्हणाले. त्यानं फिरवलं. नख वेढ्यांवरून खरखरत गेलं. बोटाच्या मऊ पोटाला कधी लागलं नसतं ते नखाला लागलं.

त्यानं पेन पेटीत ठेवलं. मग म्हणाला, "मोतीबिंदू असेल. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते. मला डोळ्यात सुई घालून घ्यायची भीती वाटते."

"अर्ध्या तासाचं काम असतं ते! त्यासाठी एका माणसानं आठ महिने जेवण सोडलं!"

"मला माहीत होतं का ते?" तो ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज फुटला. "मी त्याला चोर म्हणालो गं."

"हो. गिऱ्हाइकासमोर."

तो उठला आणि चपला शोधायला लागला. "तू बस, मी बोलावून आणते," असं मी म्हणणार होते, पण म्हणाले नाही. दोन गल्ल्या आम्ही चालत गेलो. पायरी आली की मी कोपर धरत होते आणि तो धरू देत होता. वर बारीकच्या दारात दादानं हात जोडले, तेव्हा बारीकनं ते धरून खाली केले. तिथं काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही. बोलणं झालंच नाही फारसं. दोघंही रडके.

तीनला लेथ सुरू झाला. बारीक पट्ट्या लावत होता आणि दादा शेजारी स्टुलावर बसून आवाजावरून सांगत होता, "आता बदल." एकदाही चुकला नाही.

पाचला ग्रंथपालबाई आल्या. पेन घेऊन आधी खिडकीपाशी गेल्या, तिरकं धरलं, उलटंसुलटं केलं. "दादा, कमाल आहे तुमच्या हाताची!"

"माझ्या नाही," दादा म्हणाला. "यानं केलंय. आणि सकाळी मी तुमच्यासमोर याला जे बोललो ते साफ खोटं होतं. रेघा माझ्या हातच्या. मला दिसत नाही. गेल्या आठ महिन्यांत तुमच्या ओळखीच्या ज्यांनी ज्यांनी इथून पेन नेलं असेल, त्यांना सांगा कुणाच्या हातचं आहे ते."

बाईंनी बारीककडे बघून नमस्कार केला. बिचारा कपाटामागे जाऊ की काय असा उभा राहिला.

त्या गेल्यावर दादा स्टुलावर टेकला. चिरंजीव डॉक्टरांची उद्याची वेळ ठरवायला फोन लावत होते. सूनबाई चहा घेऊन आली. दादानं कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

"बारीक, किती पेनं झाली रे आठ महिन्यांत?"

"पस्तीस-चाळीस असतील."

"सगळी पुन्हा पॉलिश करावी लागली? खरं सांग. एकसुद्धा माझं नीट नव्हतं?"

बारीकनं कप खाली ठेवला.

"एक होतं ना, दादा. ते तपकिरी, लाल छटांचं, आर्किटेक्टसाहेबांचं. त्याला मला पट्टी लावावी लागली नाही. जसं तुम्ही ठेवलंत तसंच गेलं."

"खरंच?"

"खरंच."

दादाचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. त्या तपकिरी पेनाची निब मीच बसवली होती. दादानं सकाळी त्याचं काम संपवलं होतं, आणि दुपारी अडीचला ते माझ्या हातात देताना बारीक म्हणाला होता, "जपून हं आत्या, अजून ओलं आहे."

दादानं माझ्याकडे मान वळवली. "तुला आठवतं का गं ते पेन?"

"आठवतं तर," मी म्हणाले. "फार सुरेख झालं होतं. चहा घे, गार होतोय."